शून्याच्या जरा पुढे

आमच्या घरात सेकंदाची गरज कुणालाच नाही. दूधवाला सहा-साडेसहाला येतो, कुकर शिट्ट्यांवर चालतो आणि फोनवर ‘पाच मिनिटात येऊन राहिलो’ म्हणणारा माणूस तेव्हा बहुधा टॉवेल शोधत असतो. अशा घरात मला सेकंदाचे सहा तुकडे करणारं घड्याळ हवं होतं, आणि तेही जुनं, बिनसेलचं, काट्यांचं, उजव्या अंगाला दोन बटणं असलेलं. क्रोनोग्राफ, म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ.

याचं मूळ शाळेत आहे. आमच्या पी.टी.च्या सरांच्या गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच असायचं. शंभर मीटरची शर्यत सुटली की त्यांचा अंगठा बटणावर. पहिले तीन आले की ते वहीत वेळा लिहायचे आणि घड्याळ खिशात टाकायचे. मी नेहमी पाचवा. म्हणजे मी शंभर मीटर किती सेकंदांत धावत होतो, हे जगात कुणालाच ठाऊक नाही. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग आता धावणार आहात का?” मी म्हटलं, नाही, आता फक्त बटण दाबणार आहे.

क्रोनोग्राफ या शब्दाचा अर्थ काळ लिहिणारा. आणि पहिल्यांदा ते खरोखर लिहीतच होतं. १८२१ साली पॅरिसला घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक नावाच्या घड्याळजीनं एक पेटी आणली होती. घोडा रेषा ओलांडून गेला की फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडायचा. शाई गेली, नाव राहिलं.

बजेट पंधरा हजार. दिवाळीच्या बोनसमधून फ्रिजचा हप्ता, लेकीची फी आणि सासुरवाडीचे आहेर वजा जाता उरलेले. पंधरा हजारांत आधी काय येत नाही ते शिकावं लागतं. व्हालजू या स्विस कारखान्याचं ७२ नंबरचं मशीन येत नाही. जुन्या रोलेक्स डेटोनात तेच असायचं, त्यामुळे त्याच्या वाटेला गेलो तर घर गहाण पडेल. त्याच व्हालजूचं साधं ७७३३ किंवा लँडेरॉन या दुसऱ्या कारखान्याचं ४८ असलेली, आज कुणाला नावही आठवणार नाही अशा स्विस कंपन्यांची घड्याळं आवाक्यात येऊ शकतात. लँडेरॉनची एक गंमत आहे. वरचं बटण फक्त सुरू करतं. थांबवणं आणि शून्यावर आणणं ही दोन्ही कामं खालच्याकडे. ठाऊक नसलं तर गिऱ्हाईक वरचंच बटण दाबत बसतं आणि घड्याळ बिघडलंय म्हणून परत करतं. रशियन पोल्योतही आहे, तेही मुळात व्हालजूच्याच घराण्यातलं. आणि चिनी सीगल तर जुन्या स्विस नमुन्यावरचं, पण नवंकोरं मिळतं. शहाण्या माणसानं तेच घ्यावं. मला नको होतं. नवंच घ्यायचं तर एवढी उठाठेव कशाला!

पहिली फसगत होता होता वाचलो. सहा हजारांत एक निळं-केशरी क्रोनोग्राफ, फोटोत असं झगझगीत की गणपतीच्या मांडवात लावावं. रात्रभर झोप नाही. सकाळी फोटो मोठा करून पाहिला. छोट्या तबकडीतल्या रेघा मध्यापासून निघत नव्हत्या, एका बाजूला कलल्या होत्या. कंपनीच्या नावातली अक्षरं पाटीवर रंगवल्यासारखी जाड. आणि पन्नास वर्षांच्या डायलवर एक डाग नाही, एक ओरखडा नाही. अशा घड्याळांना शौकीन लोक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. डायल खरवडून पुन्हा रंगवलेला, काटे एका घड्याळाचे, केस दुसऱ्याची. बाहेरदेशीचे शौकीन या नावानं नाक मुरडतात. मला तेवढा राग येत नाही. आपल्याकडे जुनं घड्याळ कपाटात ठेवायला कुणी घेत नव्हतं, लग्नात घालायला घेत होतं, आणि लग्नात पिवळा पडलेला डायल कोण घालेल? ‘जुनं ते सोनं’ म्हणणारेच दसऱ्याच्या आधी घराला रंग काढतात. तरी पण सहा हजार रंगाचे द्यायचे, हे मला पटेना.

शेवटी मन सिको ६१३९ वर बसलं. १९६९ हे क्रोनोग्राफच्या इतिहासातलं गर्दीचं वर्ष. चावी न देता, हाताच्या हालचालीवर चालणारं क्रोनोग्राफ त्या वर्षी तिघांनी आणलं : स्वित्झर्लंडचं झेनिथ, होयर-ब्राइटलिंग वगैरेंची एक मोट आणि जपानचं सिको. पहिलं कुणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही, मिटूही नये. त्यातलं सिको सगळ्यात गरिबाचं. पण त्याचं नशीब पाहा. नोव्हेंबर १९७३ मध्ये विल्यम पोग हा अमेरिकन अंतराळवीर स्कायलॅब या अंतराळस्थानकावर गेला, तेव्हा नासानं दिलेलं ओमेगा होतंच, पण अंतराळ-पोशाखाच्या खिशात त्यानं स्वतःचं पिवळ्या डायलचं सिको गुपचूप नेलं. चौऱ्याऐंशी दिवस ते पृथ्वीभोवती फिरलं. त्यामुळे पिवळ्याचा भाव त्यानं आपल्यासाठी वाढवून ठेवला. निळा डायल तेवढा महाग नाही. निळं कुणी अंतराळात नेल्याचं कळू नये, एवढीच माझी प्रार्थना होती.

आणि ज्या सिकोनं मे १९६९ मध्ये हे घड्याळ बाजारात आणलं, त्याच सिकोनं त्याच वर्षी नाताळच्या दिवशी सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ विकायला ठेवलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बिनसेलची घड्याळं ड्रॉवरमध्ये गेली. माझ्यासारख्याला पंधरा हजारांत इतिहास परवडतो तो त्या ड्रॉवरच्या कृपेनं.

माझं घड्याळ असंच एका ड्रॉवरमधून आलं. ओळखीच्या ओळखीनं आमच्या नागपुरातल्या अजनीच्या एका निवृत्त गृहस्थांचं नाव कळलं. त्यांचे मोठे भाऊ १९७६ साली कुवेतला गेले होते, पहिल्या सुटीत येताना धाकट्यासाठी घेऊन आले. काकांनी रुमालात गुंडाळलेलं घड्याळ टेबलावर ठेवलं. निळा डायल उन्हानं कडेला करडा झालेला, काचेला दोन खोल ओरखडे, वाराच्या खिडकीत अरबी अक्षरं. मी बटणाकडे अंगठा नेला तशी काकांनी माझं मनगटच धरलं.

“बटन नका दाबू बाप्पा. भाऊनं सांगितलं होतं, दाबलं का बिघडते.”

चाळीस-पंचेचाळीस वर्षं या माणसानं क्रोनोग्राफ वापरलं आणि क्रोनोग्राफ कधी सुरूच केलं नाही! ६१३९ मध्ये चालता सेकंदकाटा नसतो. जो लांब काटा दिसतो तो स्टॉपवॉचचा, बटण दाबलं तरच हलतो. म्हणजे इतकी वर्षं त्यांच्या हातावर तो काटा बारावर उभा होता. मी विचारलं, मग दोन बटणं कशाला आहेत असं वाटलं नाही कधी? “शोभेले,” ते म्हणाले.

नऊ हजार सांगितले, साडेआठला ठरलं. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी घड्याळ एकदा कानाला लावलं, मग माझ्या हाती दिलं. काकू आतून म्हणाल्या, “चहा घेतल्याबिगर जाऊ नका.” चहा होईपर्यंत आम्ही दोघंही घड्याळाकडे पाहत नव्हतो.

त्याच संध्याकाळी घरी येऊन बटण दाबलं. दाबलं गेलं नाही. दोन्ही बटणं आतल्या वाळलेल्या तेलानं आणि मळानं दगड झाली होती.

आता घड्याळजी शोधणं आलं. बर्डीतल्या दोघांनी मागचं झाकण न उघडताच परत केलं. एक म्हणाला, सिको फाइव्ह असन त आणा, हे आपलं काम नाही. तिसरे इतवारीत, जिन्याखालच्या चार बाय तीनच्या जागेत. वय सत्तरीपुढचं. डोळ्याला भिंग लावलं, झाकण काढलं आणि बराच वेळ बोलले नाहीत.

“कितीले घेतली?”

सांगितलं.

“हे घडी दोनदा घ्या लागते. एकदा मालकाची, एकदा माही. माह्यावाले पैसे ठेवले का?”

ठेवले होते, म्हणूनच पंधरामधले साडेआठच घालवले होते. जुन्या क्रोनोग्राफचं सगळं शहाणपण या घड्याळजीकाकांनी पहिल्या मिनिटात सांगितलं. साध्या घड्याळावर स्टॉपवॉचचा आणखी एक मजला चढवलेला असतो, त्यामुळे ‘ओव्हरऑइलिंग’ही दुप्पट. (ओव्हरहॉलिंगचं हे रूप आपल्या घड्याळजींनी आणि पंखेवाल्यांनी मिळून घडवलंय, आणि त्यात तेल आहे म्हणून मला ते मूळ शब्दापेक्षा बरं वाटतं.)

दहा दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनी मला भिंग दिलं. पितळी पुलांच्या (चाकांना वरून धरणाऱ्या तुकड्यांच्या) मधोमध एक बारकं दातेरी चाक, त्यावर छोटे छोटे खांब उभे, किल्ल्याच्या बुरुजासारखे. बटण दाबलं की बुरूज एक घर फिरतो. खांबावर टेकलेली पट्टी दोन खांबांच्या मधल्या खाचेत पडते आणि काटा धावू लागतो. महागड्या स्विस घड्याळांत असतो तोच हा बुरूज. व्हालजूच्या त्या साध्या ७७३३ मध्ये तो नसतो, तिथे कापलेल्या पट्टीवर भागवलेलं असतं. मग त्यांनी चिमट्याच्या टोकानं दुसरी वस्तू दाखवली. मिनिटांच्या चाकावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची पोलादी चकती, तांदळाच्या दाण्याहून लहान. खालचं बटण दाबलं की एक हातोडी येऊन बदामाच्या कडेवर आपटते. बदाम घसरत फिरतो आणि त्याची खाच हातोडीखाली येते तेव्हाच थांबतो. काटा कुठंही असो, बदामाची खाच एकच, म्हणून शून्यही एकच. मी तीनदा दाबायला लावलं. काका चौथ्यांदा स्वतःहून दाबून दाखवत होते.

झाकणाच्या मागचा नंबर ५२ नं सुरू होत होता. सिकोचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. म्हणजे फेब्रुवारी १९७५. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं, त्यामुळे मी त्याला जरा मान देऊन बोलतो.

एक दोष राहिला. मिनिटमोजणीचा छोटा काटा शून्यावर येत नाही, एका मिनिटावर थांबतो. बदाम ठीक आहे, काट्याचं भोक सैल झालंय, आपटीनं काटा किंचित सरकतो. काका म्हणाले, दुसऱ्या घडीचा काटा भेटन तवा लावून देतो, घाई असन त डिंकानं चिकटवतो, पण ते मी करणार नाही. या वाक्याचा दुसरा भाग पहिल्याला खोडतो हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मला ते वाक्य फार आवडलं. त्यांचे बेचाळीसशे, काच सहाशे, नायलॉनचा पट्टा साडेतीनशे. कातडी पट्टा जूनच्या उकाड्यात कुजतो. पन्नास वर्षांच्या रबराच्या भरवशावर पाणी मात्र लागू द्यायचं नाही, आंघोळीला घालायचं नाही, आणि ओल्या हातानं बटण तर नाहीच नाही.

घरी बायकोनं पाहिलं आणि म्हणाली, “बंद आहे हे.” बारावर उभ्या काट्याकडे पाहून प्रत्येक जण हेच म्हणतो.

मग प्रयोग सुरू झाले. डायलभोवती टॅकिमीटरची पट्टी आहे. एका किलोमीटरच्या दगडाशी बटण दाबायचं, दुसऱ्या दगडाशी थांबवायचं, काटा जिथं थांबेल तो वेग. पंचेचाळीस सेकंद लागले तर ताशी ऐंशी. ज्या गावात देशाचं अंतर मोजायला झिरो माइलचा खांब आणि चार घोडे उभे आहेत, तिथं हे खेळणं शोभून दिसेल असं मला वाटलं. रविवारी वर्धा रोडला विमानतळाच्या पुढे गेलो. मी स्कूटरवर, लेक मागे घड्याळ घेऊन. दगड आला, तिनं दाबलं. दुसरा दगड आला, तिनं दाबलं. अठ्ठ्याऐंशी सेकंद. पट्टी साठ सेकंदांवर, म्हणजे ताशी साठवर संपते. काटा एक फेरा मारून पुन्हा निघालेला. मनातल्या मनात छत्तीसशेला अठ्ठ्याऐंशीनं भागलं. ताशी एकेचाळीस.

“बाबा, या घड्याळात आपली गाडी बसतच नाही,” ती म्हणाली.

उपयोगाला ते आलं जूनच्या पहिल्या आठवड्यात. दिवसभर काहिली, संध्याकाळी वारा पडला, आणि उत्तरेकडे आभाळ जांभळं झालं. वीज गेलेली. आम्ही तिघं गच्चीवर. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो, म्हणजे वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना तीननं भागलं की किलोमीटर, असं मी सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात लख्खकन चमकलं आणि मी दाबलं. काटा निघाला. गडगडाट. थांबवलं. नऊ.

“तीन किलोमीटर,” लेक म्हणाली.

“म्हणजे मेडिकल चौकाकडे,” बायको.

“रेशीमबागेत असेल.”

“रेशीमबाग जवळ आहे त्यापेक्षा.”

“तुमच्या सेकंदात चूक असेल.” बायकोनं माझं मनगट ओढून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. मी खालचं बटण दाबलं, मोठा काटा टपकन बारावर गेला, छोटा नेहमीसारखा एकावर अडकला. “याचं हे असंच राहणार का?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता आभाळाकडे मान केली. “बरं, आता मी दाबते. वरचंच ना?”