आधी माझी बशी

मंगळवार, रात्री

आज उठल्या उठल्या शुगर १८६. काल झोपताना १२८ होती आणि मध्ये पाण्याखेरीज पोटात काही गेलं नव्हतं. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल वगैरे संप्रेरकं वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. इतरांचं स्वादुपिंड ते परस्पर निस्तरतं, माझ्यासारख्या टाइप वन मधुमेहवाल्यांचं नाही. कॉलेजात असल्यापासून हे पाठ आहे. तरी असा आकडा दिसला की आदल्या रात्रीच्या भाताचाच संशय येतो. मागे डॉक्टरांनी पहाटे तीनला तपासायला लावलं होतं, झोपेत लो होऊन, म्हणजे साखर फार उतरून, मग उलट चढते आहे का ते बघायला. तसं काही नव्हतं. झोपमोड तेवढी झाली.

म्हणजे आज नेहमीपेक्षा इन्सुलिनचं एक युनिट जास्त. टोचायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग खायचं. माझ्या सकाळचा सगळा पेच या पंधरा मिनिटांत आहे. टोचायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही, पण एकदा टोचलं की मग घड्याळ माझं राहत नाही. नेमका तेव्हाच धाकट्याचा एक मोजा गायब होतो, थोरलीला वहीला कव्हर घालायचं आठवतं, व्हॅनवाले काका खालून हॉर्न देतात. या गडबडीत पंधराची चाळीस झाली की हात थरथरायला लागतात आणि पोळी तव्यावर राहते.

डाएटचे तक्ते लिहिणाऱ्यांच्या घरी दुसरं कुणी राहत नसावं. ‘सकाळी ७ वाजता न्याहारी’ म्हणे. कुणाची? डोंबिवलीत सातला माझ्या घरी दोन डबे, दोन बाटल्या, एक न सापडलेलं आयकार्ड आणि जाऊ का नको म्हणणारं पाणी असतं.

त्यात आपल्याकडची रीत. माझी आई सगळ्यांचं आटोपलं की ओट्याशी उभ्यानेच चहात पोळी बुडवून खायची, तीही बहुतेक आदल्या दिवशीची. बाईने शेवटी खायचं हे मला कुणी शिकवलं नाही, ते बघून बघूनच अंगात आलं. इन्सुलिनला ही रीत चालत नाही. ते रक्तात उतरलं की ठरल्या वेळी पोटात अन्न हवं, घरातलं कोण उपाशी आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे सगळ्यांच्या आधी माझी बशी. मुलं नुसती दूध पीत बसलेली आणि मी मुगाचं धिरडं खातेय, हे मला अजूनही अवघडल्यासारखं होतं. आमच्याकडे देवाचा नैवेद्य व्हायच्या आधी कुणी तोंडात घालत नसे. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्याही होत्या, “अगं, पोरांच्या पुढ्यात अजून काही नाही आणि तू बसलीस?” आता त्याच पूजा करता करता ओरडतात, “टोचलंस ना? मग बस आधी!” कारल्याचा रस मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही. तो प्यायल्यावर सुई सुटेल अशी त्यांची पक्की श्रद्धा आहे, आणि मी वाद घालत नाही. तेवढाही वेळ नसतो.

पोह्यांवर आमचं खरं वाजतं. घरात सगळ्यांना आवडतात, करायला सोपे, पण माझी शुगर दोन तासांत अशी चढते की ऑफिसच्या पहिल्या मीटिंगमध्ये डोळ्यांवर झापड येते. शेंगदाणे आणि मटार भरपूर घालून, पोहे निम्मे करून चालतं थोडंफार. घरचे म्हणतात याला पोहे म्हणू नये.

गुरुवार, ऑफिसातून

आज मुलुंड गेलं आणि घाम फुटला. लोची पहिली खूण घाम, असं सगळीकडे सांगतात. जूनमध्ये लेडीज डब्यात सगळ्याच घामेजलेल्या, त्यात माझा ओळखायचा कसा? मी ओठांवरून ओळखते. ओठांभोवती मुंग्या येतात आणि शेजारणीचं बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. सकाळी पूल चढताना पळाले होते, टोचलेलं इन्सुलिन अंगात असताना पळणं लगेच लागू पडतं. मीटर काढायलाही कोपर हलत नव्हतं, म्हणून न तपासताच ग्लुकोजची पुडी तोंडात रिकामी केली. पंधरा ग्रॅम, म्हणजे साखरेचे साधारण तीन चमचे, आणि पंधरा मिनिटं वाट. पुन्हा पंधराच! एका मावशींनी मायेने चॉकलेट पुढे केलं. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते, म्हणून लोमध्ये ते कामाचं नाही, पण तेव्हा हे समजावणार कोण. घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. घाटकोपरला त्यांनीच एका मुलीला उठवून मला बसवलं. दादरला ७८. बरं.

शनिवार

मोठीला आज आंब्याच्या फोडी हव्या होत्या, हंगामातला शेवटचा नीलम. फोडी करून झाल्यावर मी मीटर काढला तर ती लगेच, “आई, हात धू आधी, नाहीतर आंब्याची शुगर येईल.” खरंच येते. बोटाला लागलेला रस स्ट्रिपवर गेला की आकडा भलताच फुगतो आणि त्यावर टोचलं तर पंचाईत. हे तिला मी कधी शिकवलं ते आठवत नाही. बघून बघून आलं असणार.

हात धुऊन १४२. धाकटा त्याची बशी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला आणि विचारतो, “आता किती मिनिटं?” सांगितलं, नऊ. तोही थांबला, फोडींकडे बघत. त्याला काही गरज नव्हती थांबायची. तिसऱ्या मिनिटाला त्याने एक उचललीच.