पायथन ३.१२ चा गुंता कसा सुटला

नाशिकच्या सातपूरला आमचं छोटं वर्कशॉप आहे. जॉबची ड्रॉइंग्ज मी फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो आणि ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कित्येक वर्षांपासून जेंटू लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. जेंटूत प्रत्येक प्रोग्रॅमचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणून आपल्याच मशीनवर कम्पाइल करायचं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा. डिसेंबर २०२३ पासून अधिकृत बायनरी, म्हणजे आधीच बनवलेली, पॅकेजेसही मिळतात, पण माझे यूज फ्लॅग, म्हणजे पॅकेजमध्ये काय हवं-नको ते ठरवणारे पर्याय, वेगळे, त्यामुळे मला बरंचसं बनवूनच घ्यावं लागतं.

१ जून २०२४ ला जेंटूने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची डीफॉल्ट आवृत्ती ३.११ वरून ३.१२ केली. सूचना मे महिन्यातच आली होती. मी ती वाचली आणि कामाच्या गडबडीत मागे पडली. जूनमधल्या एका शनिवारी, वर्कशॉपला सुट्टी म्हणून, निवांत अपडेट लावायला बसलो, तर पोर्टेजने, म्हणजे जेंटूत पॅकेजेस बनवून बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, स्क्रीनभर लाल अक्षरं ओतली: स्लॉट कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागेसाठी भांडण. एकाच स्लॉटमध्ये नम्पायच्या (पायथनमधल्या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या) दोन प्रती हव्यात, एक ३.१२ साठी बांधलेली, दुसरी ३.११ साठी. एका स्लॉटमध्ये एकच प्रत राहू शकते, त्यामुळे गाडी तिथेच अडली.

मला वाटलं, नम्पायलाच दोन्ही आवृत्त्यांसाठी बांधू. पॅकेज डॉट यूज या, पॅकेजनिहाय यूज फ्लॅग लिहायच्या, फाईलमध्ये तशी ओळ टाकली. पुन्हा चालवलं तर सायथन नावाचं दुसरं पॅकेज अडलं, कारण ३.११ साठीचा नम्पाय बनवायला सायथनही ३.११ साठीचा लागतो. सायथनची ओळ टाकली, तर सेटअपटूल्स हे तिसरं पॅकेज अडलं. दुपारपर्यंत त्या फाईलमध्ये नऊ ओळी झाल्या आणि यादी काही संपेना.

शेवटी गंगापूर रोडला राहणाऱ्या मित्राला फोन लावला. तो माझ्याही आधीपासून जेंटू वापरतो. तो म्हणाला, "अरे, ज्याचं नाव लाल दिसतंय त्याच्या मागे लागू नकोस. 'रिक्वायर्ड बाय' च्या पुढे, म्हणजे ते कोणाला हवंय तिथे, कोण आहे ते वाच."

हे मला आधी सुचायला हवं होतं. लेथचं बेअरिंग वारंवार जातंय म्हणून आपण नुसतं बेअरिंग बदलत बसत नाही, आधी शाफ्ट तपासतो. त्या नऊ ओळी काढून टाकल्या आणि पहिला मेसेज शांतपणे वाचला. ३.१२ च्या बाजूला फ्रीकॅड होतं, ते बरोबरच. ३.११ च्या बाजूला एकच नाव होतं: ड्रॉइंगमधून कटिंगची यादी काढणारं एक छोटं टूल. त्याचा ईबिल्ड, म्हणजे पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाईल, मी स्वतःच लोकल ओव्हरलेमध्ये (माझ्या खाजगी पॅकेज-संग्रहात) लिहिला होता आणि कोणत्या पायथनवर चालतं ते सांगणाऱ्या पायथन कम्पॅटच्या ओळीत फक्त ३.११ होतं. जेंटूच्या मुख्य रिपॉझिटरीतल्या (पॅकेज-संग्रहातल्या) पॅकेजेसची काळजी घ्यायला मेंटेनर आहेत. या ईबिल्डला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

त्या ओळीत ३.१२ जोडलं आणि मॅनिफेस्ट, म्हणजे पॅकेजच्या फाईलींच्या पडताळणीची यादी, नव्याने केला. पण टूल चालवून बघितलं तर सुरूच होईना. त्यात इम्प नावाचं मॉड्यूल वापरलेलं होतं आणि ३.१२ मधून ते काढून टाकलंय. ते वापरणाऱ्या दोन ओळी इम्पोर्टलिब हे त्याच्या जागचं मॉड्यूल वापरून बदलल्या, त्या बदलांचा छोटा पॅच केला आणि तो ईबिल्डमध्ये जोडला. या कामाला तासभर लागला, पण खरी दुरुस्ती हीच होती.

मग सूचनेत दिलेला सावकाशीचा मार्ग धरला. आधी दोन्ही आवृत्त्या चालू ठेवून सगळं अपडेट केलं. नंतर सिंगल टार्गेट, म्हणजे एकाच पायथनवर चालणाऱ्या पॅकेजेसचं टार्गेट, ३.१२ वर नेलं. शेवटी ३.११ काढून पुन्हा एक फेरी. बऱ्याच गोष्टी दोनदा बनतात, वेळ जातो, पण मध्येच काही मोडलं तर निदान पोर्टेज चालू राहतं. पोर्टेज स्वतःच पायथनमध्ये लिहिलेलं आहे, म्हणून मला हाच मार्ग पटतो.

संध्याकाळी वळवाच्या पावसाबरोबर लाइट गेली. इन्व्हर्टर अर्धा तास टिकला, मग मशीन बंद. दीड तासाने लाइट आल्यावर इमर्जला, म्हणजे पोर्टेजच्या कमांडला, रिझ्यूम सांगितलं. अर्धवट राहिलेलं पॅकेज पहिल्यापासून बनलं, पुढची यादी होती तशीच चालू राहिली.

रविवारी सकाळी सगळ्या फेऱ्या आटोपल्या होत्या. नको असलेली पॅकेजेस काढणारं डेपक्लीन आधी नुसतं प्रिटेंडवर, म्हणजे काही न काढता फक्त यादी दाखवायला, चालवलं, यादी नीट वाचली आणि मगच होकार दिला. पायथन ३.११ निघून गेला. फ्रीकॅड उघडून फ्लॅंजचं अर्धवट राहिलेलं ड्रॉइंग पूर्ण केलं, टूलने कटिंगची यादी काढली आणि सोमवारच्या जॉबसाठी प्रिंट मारली.