आधी दुसरा प्रयोग लावा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नाट्यस्पर्धेचा निकाल लागला की दरवर्षी कुणी ना कुणी नवा लेखक गाठतो. "दादा, एवढं मर मर मरून लिहिलं, एक प्रयोग झाला, बक्षीस काही नाही. आता लिहायला बसवतच नाही. तुम्ही इतकी वर्षं लिहिताय, ही उमेद येते कुठून? आणि नाटककार पुढे जातो तो कसा?"

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे. लिहून झालेल्या नाटकाचा दुसरा प्रयोग लावा. नवीन नाटक त्यानंतर.

गोव्यात मराठी नाटकाला माणसं कमी पडत नाहीत. पोर्तुगीज अमलातही ते देवळांच्या उत्सवांनी जगवलं. डोंगरीच्या कृष्णंभट्ट बांदकरांनी एकोणिसाव्या शतकात उत्सवासाठी नाटकं लिहिली, आणि आजही जत्रा म्हटली की घरी कोंकणी बोलणारी मंडळी रात्री तालमीला जमून मराठी संवाद पाठ करतात. शिवाय कला अकादमीची स्पर्धा आहे, तिचे अ आणि ब गट आहेत. पण यातलं बहुतेक सगळं एका रात्रीचं. पडदा पडला, मेकअप उतरला, संहिता कपाटात गेली. पुढच्या जत्रेला नवीन नाटक. त्यामुळे भरपूर नाटकं नावावर असलेल्या आपल्याकडच्या लेखकानेही प्रत्येक वेळी पहिलाच प्रयोग पाहिलेला असतो. प्रेक्षकांसमोर काय घडलं ते त्याला कळतं, पण ते कळून काही करायची संधी मिळत नाही. उमेद तिथेच खचते, असं माझं ठाम मत आहे. बक्षीस हुकल्याचं दुःख पंधरवड्यात ओसरतं.

मंगेशीच्या दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकरांबरोबर १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. तशा फिरत्या कंपन्या तीच नाटकं घेऊन गावोगाव जायच्या. आज इथे, उद्या तिथे, आणि प्रेक्षक प्रत्येक ठिकाणी वेगळा. आपल्या हौशी मंडळींना ती सोय नाही, म्हणून ती मुद्दाम करून घ्यावी लागते.

एक प्रसंग सांगतो. माझ्या एका नाटकात बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीला आलेला भाऊ वडिलोपार्जित घर विकायला निघतो. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच, त्यामुळे बहिणीची सही लागतेच. फोंडा तालुक्यातल्या एका जत्रेत, पालखी झाल्यावर मध्यरात्र उलटून नाटक लागलं. भावाने कागद पुढे केला, बहिणीने पेन हातात घेतलं आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यांदा ओरडली, "अगो बाये, सय मारूं नाका गो!" मागून आणखी दोघी-तिघींनी तिची री ओढली. आमच्या नायिकेने संहितेप्रमाणे त्याच वाक्यावर सही करून टाकली. मांडवात चुळबुळ झाली आणि पुढची पाच मिनिटं कुणाचं लक्षच नव्हतं.

त्या बायकांना कायदा माझ्याइतकाच ठाऊक होता. त्या सहीचं मोल त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेलं होतं. मग मी दुसऱ्या अंकाची फेरमांडणी केली. आता बहीण पेन उघडते, तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी होते, ती उठते. उघडं पेन कागदावर तसंच. त्यानंतरचा अख्खा जेवणाचा प्रवेश त्या पेनाच्या शेजारी चालतो: आमटी वाढणं, आईच्या आठवणी, बोटीवरच्या गमती. संवाद जवळजवळ जुनेच ठेवले, फक्त सही पुढे ढकलली. पुढचा प्रयोग शेजारच्या गावात झाला. तिथे ओरडलं कुणी नाही, पण भाऊ पाणी प्यायला टेबलाकडे हात नेतो तेव्हा सगळा मांडव त्या हाताकडे बघत होता. मी विंगेत उभा होतो. घरी आल्यावर मला झोप आली नाही, कारण तिसऱ्या अंकातही काय करता येईल ते दिसायला लागलं होतं. उमेद म्हणतात ती मला अशी भेटते.

जत्रा आणि बंद नाट्यगृह यांतला फरकही असाच अंगवळणी पडतो. जत्रेत पहिला प्रवेश चालू असताना लोक अजून खाजं विकत घेत असतात, मुलं झोपवत असतात. कथेचा धागा तिथे पहिल्या पाच मिनिटांत एकदाच सांगून भागत नाही, तो पुन्हा वेगळ्या तोंडून यावा लागतो. पणजीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात दिवे गेले की सगळे गप्प. तीच पुनरुक्ती तिथे कंटाळा आणते. म्हणून माझ्याकडे काही नाटकांची सुरुवात दोन तऱ्हांनी लिहिलेली आहे. ज्याला दोन्ही प्रेक्षक सांभाळता आले त्याला संवाद लिहिणं वेगळं शिकवावं लागत नाही. केवळ परीक्षकांना नजरेसमोर ठेवून लिहिणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते. त्यांच्या नाटकात प्रकाशयोजना फार सुंदर असते आणि माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

आता व्यवहाराचं. पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच, सगळे अजून मेकअपमध्ये असताना, दुसऱ्याची गोष्ट काढा. आठवड्याने कुणी सापडत नाही. शेजारगावच्या देवस्थान समितीतल्या ओळखीच्या माणसाला पहिल्याच प्रयोगाला बोलावून ठेवा. नेपथ्य एका टेम्पोत मावेल असंच लिहा. दारं-खिडक्यांचा सोस परगावी नडतो. कुणी कुंडईच्या कारखान्यात रात्रपाळीला लागेल, कुणी बोटीवर जाईल, म्हणून लहान भूमिका अशा लिहा की दोन एकालाच करता येतील. तालमीला लेखकाने वही घेऊन बसावं आणि नट जिथे रोज अडखळतो तिथे खूण करावी. पाठांतराचा दोष समजून ते सोडून देऊ नये. बहुतेकदा तिथे वाक्यच अवघड असतं.

आणि पावसाळा लिहिण्यासाठी राखा. जत्रा संपलेल्या असतात, माणसं गावात असतात. चतुर्थीआधी सुधारलेला एक अंक मंडळींना वाचून दाखवायचा शब्द देऊन ठेवा. वाचनाला चार माणसं आली तरी चालेल, त्यांतली दोन पहिल्या प्रयोगातली असावीत. काय बदललं ते तीच आधी ओळखतील, आणि जे उगाच बदललं तेही सांगतील.