पक्षाची यादी आणि तीन हजार रुपये

निवृत्तीनंतर घराण्याची वंशावळ लिहून काढायचे ठरवले, तेव्हा वर्षभरात तीन हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च करायचा नाही, अशी मर्यादा मी स्वतःला घालून घेतली. ओळखीच्या एका गृहस्थांनी याच कामासाठी एका व्यावसायिकाला याच्या दसपट रक्कम मोजली होती आणि त्यांना सोनेरी वेलबुट्टीच्या कागदावर थेट पुराणातल्या राजापर्यंत पोहोचणारी वंशावळ मिळाली. मात्र त्यांच्या आजोबांच्या सख्ख्या चुलत्यांची नावे तीत नव्हती. ती पाहिल्यावर माझी मर्यादा पाळणे मला फारसे जड गेले नाही.

बडोद्यातल्या पुष्कळ मराठी घरांप्रमाणे आमच्याकडेही मूळ पुरुष गायकवाडांच्या फौजेबरोबर घोड्यावरून आला, असे सांगतात. १७३४ साली शहरावर गायकवाडांचा अंमल बसला तेव्हापासून इकडे पायी कोणी आलेच नसावे, असे वाटावे इतक्या घरांत मी ही कथा ऐकली आहे. ती खरी की खोटी हा वाद न घालता मी वर्तमानापासून मागे जायचे ठरवले आणि प्रथम दांडिया बाजारात राहणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याकडे गेलो. तिच्या ट्रंकेत मला या साऱ्या शोधातला सर्वांत मोलाचा कागद मिळाला, आणि त्यासाठी खर्च झाला तो केवळ रिक्षाचा.

तो कागद म्हणजे आजोबांच्या हातची पक्षाची यादी. भाद्रपदातल्या महालयाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या पत्नी, आईकडचे तसेच तीन पिढ्यांचे पुरुष व त्यांच्या पत्नी, पुढे चुलते, मामा, आत्या, मावशा, सासू-सासरे अशा सर्वांना नाव आणि गोत्र उच्चारून पिंड द्यावे लागतात, म्हणून गुरुजींच्या सोयीसाठी ही यादी घरोघर लिहिलेली असे. आजोबांच्या वरच्या तीन पिढ्या तिच्यात असल्यामुळे, माझ्यापासून मोजले तर एका कागदावर सहा पिढ्या हाती आल्या. कुलवृत्तांतांत आणि दिवाणखान्यात टांगलेल्या वंशवृक्षांत बायकांना क्वचितच जागा मिळते, पण या यादीला त्यांच्यावाचून चालतच नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अर्थात त्यांची नावे सासरची असतात.

यादीत काही नावांपुढे श्राद्धतिथी होती, परंतु साल एकाही नावापुढे नव्हते. श्राद्धाला तिथी पुरते, सालाची गरज कोणालाच नसते. खापरपणजोबांच्या नावापुढे ‘आषाढ व. ५’ एवढेच होते. ते ‘छप्पनच्या दुष्काळात’ गेले, ही भर आत्याने घातली. हा छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, गुजरातेत अजूनही ज्याची आठवण काढतात तो ‘छप्पनियो’. मी घाईने १३५ वजा करून शके १८२१, म्हणजे जुलै १८९९ असे लिहून मोकळा झालो. पण त्या महिन्यात दुष्काळ पडलेलाच नव्हता. तो पडला त्या पावसाळ्याने दगा दिल्यानंतर. चूक माझ्या वजाबाकीत होती. आपला शक चैत्रात बदलतो आणि गुजरातचा संवत कार्तिकात, त्यामुळे कार्तिक ते फाल्गुन १३५ आणि चैत्र ते आश्विन १३४ वजा करावे लागतात. आषाढ दुसऱ्या भागात येतो, म्हणून शके १८२२, अर्थात जुलै १९००. इकडच्या मराठी घरांत दोन्ही कालगणना नांदत असल्यामुळे हा घोटाळा कोणाचाही होऊ शकतो.

जुन्या कागदांची मोडी लिपी वाचून देणाऱ्याला पानागणिक पैसे देण्याऐवजी मी मोडी शिकलो. आधी सलग रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जाण्याच्या त्या पद्धतीत शब्द कुठे संपतो हे कळायलाच मला तीन महिने लागले, आणि आजही मी अडखळतच वाचतो. मध्यवर्ती ग्रंथालयात बसून छापील साधने चाळायला पैसे पडले नाहीत. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीर्थोपाध्यायांच्या, काही वह्यांची छायाचित्रे नुसते खाते उघडून मोफत पाहता येतात, परंतु आमच्या घरातले कोणी हरिद्वारला गेल्याचे ऐकिवात नव्हते, म्हणून तो मार्ग मी सोडला. डीएनए चाचणीचाही विचार केला नाही, कारण तिच्यातून खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव कळत नाही.

सर्वांत मोठा खर्च त्र्यंबकेश्वरचा, प्रवास आणि दक्षिणा धरून साधारण अठराशे रुपये. तीर्थोपाध्याय आडनावाबरोबर मूळ गावही विचारतात, कारण एकाच आडनावाची घराणी अनेक असतात. ते गाव मला आत्याकडून आधीच कळले होते म्हणून फेरी फुकट गेली नाही. वहीत पणजोबांची स्वाक्षरी आणि बरोबर आलेल्या भावांची नावे सापडली. त्याखाली माझी आणि मुलांची नावे लिहून आलो.

उरले होते पणजीचे माहेरचे नाव. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यात मुलींनाही धरले, त्यामुळे त्या पिढीतल्या मुलींची नावे शाळांच्या रजिस्टरांत असण्याचा संभव होता. एका शाळेतली जुनी रजिस्टरे वाळवीने खाल्ली होती. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी माझा अर्ज वाचून कपाट उघडून दिले, आणि तिसऱ्या दुपारी पणजीच्या वडिलांच्या नावासमोर एका मुलीची नोंद मिळाली. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात ‘लग्न’ एवढाच शब्द होता.

ते नाव मी येथे लिहीत नाही, ते घरातले आहे. त्याच संध्याकाळी आत्याला मात्र वाचून दाखवले. तिने आपल्या आजीला हे नाव घेऊन हाक मारणारे कोणी कधी पाहिले नव्हते. थोडा वेळ गप्प बसून तिने चष्मा मागितला आणि आजोबांच्या यादीत, आजीच्या सासरच्या नावाशेजारी, पेन्सिलीने ते स्वतःच्या हाताने लिहिले.