आमच्या गावातला काशीच्या राजाचा आड

सकाळी पावणेसातला गाडी काढते तेव्हा हिवाळ्यात मिट्ट काळोख असतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बीच नावाची उंच झाडं, मधेच हरीण आडवं येतं त्यामुळे जपूनच चालवावं लागतं, आणि मग रीडिंग स्टेशन. तिथून फास्ट ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पॅडिंग्टन. गावातली बरीच माणसं अशीच रोज बाहेर पडतात, कोणी रीडिंगला, कोणी हेन्लीला, कोणी थेट लंडनला, आणि दिवसभर गावात म्हातारी माणसं, शाळेतली मुलं आणि कुत्री फिरवणारे एवढेच उरतात. गावाचं नाव स्टोक रो. ऑक्सफर्डशायरमधे, चिल्टर्नच्या टेकड्यांवर, रीडिंगपासून साधारण ९ मैल.

घर बघायला पहिल्यांदा आलो होतो त्या दिवशी एजंटच्या मागे गाडी चालवताना रस्त्याच्या कडेला एक घुमट दिसला. पांढरीशुभ्र चर्च नाही, युद्धाचं स्मारक नाही, चक्क आपल्याकडच्या छत्रीसारखं काहीतरी, खाली लोखंडी खांब आणि आत सोनेरी हत्ती! मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. घर नंतर बघितलं, आधी हत्ती.

तो महाराजाज वेल. वेल म्हणजे विहीर खरं तर, पण मी आड म्हणते, का ते पुढे सांगते.

आधी हे सांगायला हवं की ह्या गावात पाणीच नव्हतं. इंग्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कायम पाऊस, आणि पाऊस इथे पडतोही, पण चिल्टर्नच्या टेकड्या म्हणजे खाली सगळा खडूचा दगड, पाणी झिरपून जातं ते थेट खोल खोल खाली. वरच्या चिकणमातीत जी डबकी साचायची त्यातलं गढूळ पाणी लोक वापरायचे, आणि उन्हाळा कोरडा गेला की तेही संपायचं, मग मैलोनमैल चालून आणायचं. मी मूळची माण तालुक्यातली. हे वाचलं तेव्हा मला सगळं आपोआप दिसायला लागलं, डोक्यावरचा हंडा, चुंबळ, पोराला कडेवर घेऊन चाललेली बाई, फक्त अंगावर लुगड्याऐवजी झगा.

आता राजाची गोष्ट. इथून जवळच इप्सडेन नावाचं गाव आहे, तिथल्या जमीनदार घराण्यातला एडवर्ड अँडर्टन रीड हा कंपनी सरकारच्या नोकरीत उत्तर हिंदुस्थानात होता. (चार्ल्स रीड हा त्या काळी गाजलेला कादंबरीकार त्याचाच भाऊ.) रीडने १८३१ मधे आझमगडला लोकांसाठी एक विहीर खोदून घेतली होती. पुढे काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याची चांगली ओळख झाली आणि कधीतरी गप्पांमधे त्याने आपल्या गावाकडची हकीकत सांगितली, की आमच्याकडेही पाण्याचे असेच हाल आहेत, घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका लहान पोराला आईने मार दिला होता.

राजाच्या ते लक्षात राहिलं. रीड निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्यावर राजाने विहिरीसाठी पैसे देऊ केले, आणि ती रीडच्या भागातच खोदायची ठरलं. १० मार्च १८६३ ला, म्हणजे युवराज एडवर्डच्या लग्नाच्या दिवशी, खोदकाम सुरू झालं आणि २४ मे १८६४ ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, आड लोकांसाठी खुला केला. रुंदी फक्त ४ फूट. खोली ३६८ फूट. सगळं हाताने खोदलेलं! आपला राजाबाई टॉवर २८० फुटांचा, तो आत सोडला तरी वर अजून ८८ फूट उरतील. चार फुटाच्या भोकात, मेणबत्तीच्या उजेडात, कोंदट हवेत चौदा महिने माणसं खाली खाली जात राहिली, माती बादलीने वर येत राहिली. हत्ती सगळे बघतात, फोटो काढतात, पण मला दर वेळी ती खोदणारी माणसंच आठवतात.

खर्च आला ३५३ पौंडांच्या आसपास. रहाटाची यंत्रं जवळच्या वॉलिंगफर्डला बनली. आणि राजाने नुसता आड देऊन हात झटकले नाहीत, देखभाल करणाऱ्यासाठी शेजारी एक छोटं आठकोनी घर बांधलं, त्याचा खर्च निघावा म्हणून चेरीची बाग लावली, बागेचं नाव इश्री बाग. माशाच्या आकाराचं तळंही आहे तिथे. देणगी देताना दुरुस्तीचे पैसे पुढे कुठून येतील ह्याचा विचार केलेला, हे मला फार आवडतं, आपल्याकडे पाणीयोजनेचं उद्घाटन होतं आणि दोन वर्षांत मोटर जळते ती जळतेच, ते बघत मी मोठी झालेय.

एक गोष्ट मात्र मनात सलते. १८६०-६१ ला वरच्या दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, भयंकर दुष्काळ पडला होता, ज्या वायव्य प्रांतात (साधारण आजचा उत्तर प्रदेश) रीडने नोकरी केली त्याच प्रांतात, माणसं उपाशी मेली. त्यानंतर लगेच एक हिंदुस्थानी राजा इंग्लंडमधल्या खेड्याला पाणी देतो. तारखा राजघराण्याच्या लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या, म्हणजे त्यात राजनिष्ठा दाखवणंही होतंच, १८५७ नंतरचा तो काळ. मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनींनीही पुढे १८६९ मधे लंडनच्या रीजंट्स पार्कात पाण्याचं कारंजं बांधून दिलं. हे सगळं खरं आहे आणि विसरायचं नाही. पण नुसती निष्ठाच दाखवायची असती तर लंडनमधे पुतळा उभारता आला असता. एका गरीब खेड्यात, जिथे कोणी मोठा माणूस फिरकणार नाही तिथे, आड खोदणं हे मार खाल्लेल्या पोराची गोष्ट मनात घर करून बसल्याशिवाय होत नाही असं मला वाटतं.

सत्तरेक वर्षं गावाने ते पाणी वापरलं, मग नळ आले. १९६४ ला शंभर वर्षं झाली तेव्हा प्रिन्स फिलिप आले होते आणि आडात गंगेचं पाणी ओतलं होतं.

मागच्या मे महिन्यात आई आली होती. आयुष्यातली चाळीस वर्षं तिने पाणी भरण्यात घालवली आहेत, आधी आडावर आणि नंतर टँकरवर. तिला तिथे नेलं, मी विहीर विहीर म्हणत होते तर तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "विहीर कुठली गं, ह्यो आड हाय." तिचंच बरोबर, एवढं अरुंद आणि खोल, पिण्याच्या पाण्याचं, ह्याला आपल्याकडे आडच म्हणतात. मग तिने रहाटाचं चाक न्याहाळलं, हात लावून बघितला, किती खोल आहे विचारलं. मी सांगितलं की भरलेली एक बादली वर ओढायला दहा मिनिटं लागायची. ती थोडा वेळ गप्प राहिली, मनातल्या मनात हिशोब चालला होता.

"मंग बाया पहाटं तीनलाच नंबर लावत असतील," ती म्हणाली.