आधी टॉर्टिया मागवा

पुण्यात चांगले मेक्सिकन जेवण कुठे मिळते, असे गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारले आहे की, एकदाच सविस्तर लिहून टाकावे असे ठरवले. मात्र हॉटेलांच्या नावांची यादी मी देणार नाही. बाणेर, बालेवाडी, कल्याणीनगर आणि कोरेगाव पार्क या भागांत नवी उपाहारगृहे ज्या वेगाने उघडतात जवळजवळ त्याच वेगाने बंद पडतात, आणि बंद पडली नाहीत तरी आचारी बदलला की पाटी तीच राहून चव दुसरीच होते. यादी सहा महिन्यांत शिळी होईल. त्यापेक्षा पारख सांगतो, म्हणजे आपापल्या भागात ज्याला त्याला शोध घेता येईल.

मला ही पारख भाचीमुळे आली. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या तिच्या कंपनीने तिला दोन वर्षे मेक्सिकोतील पुएब्ला शहरात पाठवले होते. पुएब्ला म्हणजे एका अर्थाने त्यांचे चाकण. फोक्सवॅगनचा कारखाना दोन्हीकडे आहे. ती परत आली तेव्हा तिला तिथल्या जेवणाची आठवण येत असेल अशा समजुतीने मी मोठ्या हौसेने सगळ्यांना कोरेगाव पार्कमधल्या एका झगमगीत हॉटेलात घेऊन गेलो. भिंतीवर रुंद काठाची टोपी टांगलेली होती, निवडुंगाचे चित्र होते आणि पाणी देणाऱ्या मुलाच्या अंगावर रंगीत पट्ट्यांची शाल होती. आम्ही एनचिलाडा मागवले. मैद्याच्या पोळीची सुरळी, तिच्यावर केशरी रंगाच्या चीजचा जाड थर, आत स्वीटकॉर्न आणि सिमला मिरची, आणि खालच्या लाल रश्श्याला शेजवान चटणीचा स्पष्ट वास, असा तो प्रकार होता. भाचीने अर्धा खाल्ला, काटा खाली ठेवला आणि म्हणाली, “मामा, हे वाईट नाहीये. पण हे पुण्याचंच आहे.” त्या दिवशीच्या बिलात आम्हा पाच जणांचे मटण-भाकरीचे जेवण दोनदा झाले असते, हे मी तिला सांगितले नाही.

हे असे का होते, याचे उत्तर प्रवासाच्या वाटेत आहे. आपल्याकडे ‘मेक्सिकन’ म्हणून जे पोहोचले त्यातले बरेचसे टेक्सास आणि कॅलिफोर्निया या अमेरिकी राज्यांतून फिरून आलेले आहे. पिवळे चीज, सढळ हाताने घातलेले जिरे, गव्हाची पोळी आणि कुरकुरीत तळलेला घडीचा टाको (सारण भरून दुमडलेली पोळी) ही त्या सीमाभागातल्या आणि अमेरिकी साखळी-हॉटेलांच्या पाकपद्धतीची लक्षणे आहेत, आणि जिऱ्याचा वास ओळखीचा असल्यामुळे आपल्याला ती चव लगेच आपलीशी वाटते. टाको बेल या अमेरिकी साखळीने भारतातले पहिले दुकान २०१० मध्ये बंगळूरूला उघडले, तेव्हापासून तर टाको म्हणजे कुरकुरीत पदार्थ हे समीकरणच होऊन बसले. नाचोजचा, म्हणजे चीज घातलेल्या मक्याच्या कुरकुरीत तुकड्यांचा, जन्मही सीमेवरचाच. टेक्साससमोरच्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाने १९४०च्या दशकात, पलीकडून आलेल्या अमेरिकी बायकांसाठी हाताशी होते त्यातून काहीतरी करून वाढले, आणि इग्नासिओचे लाडके नाव ‘नाचो’ असल्यामुळे पदार्थाला ते नाव पडले. यात कमीपणा काहीच नाही. गव्हाची टॉर्टिया, म्हणजे तिकडची पातळ पोळी, हीही खोटी नव्हे, उत्तर मेक्सिकोतल्या सोनोरासारख्या भागात ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. परंतु मेक्सिकोच्या उरलेल्या मोठ्या भागाचे रोजचे अन्न मक्याची टॉर्टिया आहे, आणि पुण्यातल्या बहुतेक मेनूंमध्ये नेमकी तीच नसते.

म्हणून माझी पहिली आणि जवळजवळ एकमेव कसोटी अशी की, बसल्याबसल्या नुसत्या दोन मक्याच्या टॉर्टिया आणि साल्सा, म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी, मागवावा. खानावळीची परीक्षा आपण भाकरीवरून करतो. कालवण कितीही झणझणीत असले तरी भाकरी चामट आली की दुसऱ्यांदा तिकडे पाऊल वळत नाही. टॉर्टियाचे तंतोतंत तसेच आहे, आणि भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला तिची पारख कोणत्याही समीक्षकापेक्षा चांगली करता येते.

खरी टॉर्टिया आपल्या गिरणीतल्या मक्याच्या पिठाची होत नाही. वाळलेला मका चुना घातलेल्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात, सकाळी धुऊन सालपटे काढतात आणि मग ओलाच वाटतात. या मक्याला निश्तमाल म्हणतात आणि वाटून झालेल्या गोळ्याला मासा. चुन्यामुळे दाण्याचे वरचे कवच सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात बांधले गेलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण त्याच्यावर चुन्याची प्रक्रिया करायची रीत काही त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी अठराव्या शतकात स्पेन आणि उत्तर इटलीत मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. मेक्सिकोतल्या बायका मात्र हजारो वर्षे मका चुन्यातच शिजवत आल्या होत्या. युनेस्कोने २०१० मध्ये पारंपरिक मेक्सिकन पाकपद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा या रीतीचा त्यात आवर्जून उल्लेख होता.

हा सगळा खटाटोप मी घरी एकदा करून पाहिला. मार्केट यार्डातल्या भुसार दुकानातून एक किलो वाळलेला पांढरा मका आणला, पानाच्या दुकानातून खायचा चुना आणला, आणि किलोला साधारण दहा ग्रॅम या हिशेबाने तो पाण्यात कालवून मका पाऊण तास मंद आचेवर ठेवला. पाणी हळदीसारखे पिवळे झाले. स्वयंपाकघरात चुन्याचा वास सुटल्यावर बायकोने विचारले की, घराला सफेदी करायचा विचार आहे का. सकाळी दाणे हातावर चोळले तर साल भिजवलेल्या वालासारखे निसटून येत होते. मिक्सरमध्ये वाटायला घेतले, तर तो दोनदा तापून बंद पडला, तेव्हा माळ्यावरचा पाटा खाली उतरवला. मेक्सिकोत मका वाटायचा दगड, ज्याला ते मेताते म्हणतात, तोही ज्वालामुखीच्या काळ्या बेसॉल्टचा असतो, आणि आपला पाटाही सह्याद्रीच्या त्याच जातीच्या दगडाचा आहे, हे मला त्या दिवशी खांदे भरून आल्यावर विशेष पटले. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून पुरीच्या यंत्रात दाबला. पहिल्या सहा टॉर्टिया तव्यावर जाण्याआधीच तुटल्या. सातवी दोनदा उलटल्यावर टम्म फुगली, पापुद्रा सुटला आणि घरात एकदम पावसाने भिजलेल्या चुनेगच्ची भिंतीसारखा आणि भाजक्या कणसासारखा मिळून एक वास आला. हॉटेलात टॉर्टिया समोर आली की मी आधी हा वास शोधतो. मग तिची घडी घालतो. ताजी असेल तर घडीवर चीर पडत नाही.

पुण्यात रोज निश्तमाल करणाऱ्या जागा थोड्या आहेत. त्यापेक्षा जास्त ठिकाणी याच प्रक्रियेचे कोरडे पीठ आणून टॉर्टिया जागेवर थापतात, आणि तेही चांगले असते. पाकिटातली टॉर्टिया गरम करून देणारे सर्वांत जास्त. वाढणाऱ्या मुलाला “टॉर्टिया इथेच करता का?” असा साधा प्रश्न विचारावा. “पाकीट येतं” असे सरळ उत्तर मिळाले तरी मी त्याला गुणच देतो. “शेफची खास रेसिपी आहे” असे ऐकले की निमूटपणे कोल्ड कॉफी पिऊन उठतो. आणि हे विचारायला शनिवारची रात्र निवडू नये. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी साडेबाराला गेलात तर आचाऱ्याला बोलायला वेळ असतो, आणि मक्याचा मासाही सकाळचाच असतो.

साल्साचे परीक्षण त्यामानाने सोपे आहे. टोमॅटो, कांदा, लसूण आणि मिरची कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून वाटलेल्या साल्सात ते काळे कण दिसतात. ठेचा करणाऱ्या घराला याहून अधिक सांगायला नको. हिरव्या साल्सासाठी लागणारा तोमातियो, म्हणजे कागदी आवरणातले ते हिरवे आंबट फळ, आपल्या मंडईत मिळत नाही, म्हणून इथले आचारी कच्चे टोमॅटो आणि लिंबू वापरतात. आंच्यो आणि ग्वाहियो या वाळवलेल्या मिरच्या परदेशातून येतात आणि महाग पडतात, म्हणून अनेक जण रंगासाठी ब्याडगी मिसळतात. या दोन्ही तडजोडी मला मान्य आहेत. शेवटी मिरची, मका, टोमॅटो हे सगळे त्याच खंडातून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले, आणि आपल्या उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीतला कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चौघेही अमेरिका खंडातलेच आहेत. ब्याडगीने उलटी वाट धरली तर हरकत घेणारे आपण कोण? साल्सात टोमॅटो केचपची साखर लागली की मात्र माझी हरकत आहे.

याच न्यायाने पनीरच्या टाकोवर नाक मुरडणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मेक्सिको सिटीत जो सर्वांत लाडका टाको मानला जातो, तो ‘अल पास्तोर’, लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शवर्म्यातून जन्मला. उभ्या सळीवर मेंढीच्या जागी डुकराचे मांस आले, वर अननस आला, आणि तो मेक्सिकन झाला. भाचीच्या पुएब्लात तर ‘अरबी टाको’ या नावानेच तो प्रकार विकला जातो. मग तव्यावर भाजलेले पनीर चांगल्या टॉर्टियात का नको? फक्त त्यावर बटर मसाल्याची ग्रेव्ही ओतू नये. शाकाहारी वाचकांनी घेवड्याच्या किंवा राजम्याच्या घोटलेल्या उसळीत डुकराची चरबी आहे का, एवढे विचारून घ्यावे. मेक्सिकोत ती सर्रास असते, इथे बहुधा तेलच असते. ग्वाकामोलेत, म्हणजे अवोकाडोच्या चटणीत, अवोकाडोबरोबर मटार वाटलेला असेल तर रंग फारच हिरवागार दिसतो, इतकेच लक्षात ठेवावे.

या कसोटीवर मला आजवर पुण्यात तीन जागा उतरलेल्या सापडल्या. त्यांतली सर्वांत चांगली बाणेरच्या एका आतल्या गल्लीत आहे. चार टेबले, टोपी नाही, निवडुंग नाही. मेनू एका पानाचा, आणि त्यात पास्ता, पिझ्झा, नूडल्स यांपैकी काहीही नाही. सरबतात लाल अंबाडीच्या बोंडांचे पाणी होते, जे मेक्सिकोत हमाइका या नावाने घरोघरी पितात आणि जे आमच्या आजोळी कुणी सरबत म्हणून पाहुण्याला दिले असते तर हसे झाले असते. टॉर्टिया आल्या त्या फडक्यात गुंडाळून, सुपलीएवढ्या टोपलीत. भाचीने फडके उघडले, तोंड जवळ नेले आणि काही न बोलता फडके पुन्हा झाकले. वाफ जाऊ नये म्हणून तिकडे असेच करतात, हे तिने नंतर सांगितले. कोंबडीचे दोन टाको तिने उभ्याउभ्याच संपवले.

निघताना मालकाने आम्हाला बटरपेपरमध्ये गुंडाळलेला मक्याचा थोडा मासा घरी करायला दिला. रात्री बायकोने पोळीच्या तव्यावर त्याच्या चार टॉर्टिया केल्या. आईने एक मेथीच्या भाजीबरोबर खाल्ली, आणि मक्याची भाकरी एवढीशी करण्यात काय हशील, असे विचारले. त्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते, आणि इतर दिवशी दुपारी साडेतीन ते सातपर्यंत ते बंद असते. मेक्सिकन असले तरी दुकान पुण्यात आहे.