परड्यातली पाच इंजिनं

साताऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला जीपचा क्रँक हवा होता, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा. विलीजचं 'हरिकेन' इंजिन, महिंद्राच्या उंच बोनेटच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये यायचं ते. त्याच्या क्रँकचं तीस थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंडिंग आधीच झालेलं, वर एका पिनेवर, म्हणजे कनेक्टिंग रॉड बसतो तिथं, खोल चरे. आणखी ग्राइंड करायला जागाच उरली नव्हती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे, त्यामुळं असली शोधाशोध फिरून फिरून माझ्याच गळ्यात पडते. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांची सोय होते. या इंजिनाचा धड क्रँक मात्र आता कुणाच्या तरी गोठ्यात नाहीतर परड्यातच सापडायचा.

दिवाळी उलटली आणि एका ओळखीच्या ड्रायव्हरचा फोन आला. तळेऱ्याच्या पुढं विजयदुर्गच्या वाटेवर एका घराच्या परड्यात पाच इंजिनं पडून आहेत. मालक गॅरेजवाले होते, ते वारले. मुलगा मुंबईला, तो सगळं वजनावर काढतोय, उद्या टेम्पो येणार. मी पहाटेच हत्यारं गाडीत टाकली, हेल्परला घेतलं आणि गगनबावड्याचा घाट उतरलो.

पोचलो तर भंगारवाला आमच्याआधी हजर. बीड (ओतीव लोखंड) किती, अ‍ॅल्युमिनियम किती, स्टार्टर-डायनॅमोत तांबं किती, हे त्यानं नजरेनंच मोजून ठेवलेलं. बोलायला सभ्य माणूस. "तुम्ही हवं ते काढून घ्या, उरलेलं माझं. फक्त सहापर्यंत टेम्पो भरला पाहिजे." भाव किलोला तीस रुपये. पार्ट म्हणून काढलेल्या मालाचे मी जास्त देणार हे मुलाशी फोनवर ठरलं. "जे काय होईल ते आजच संपवा," एवढंच तो म्हणाला.

फणसाखाली ओळीनं इंजिनं. दोन प्रीमियर पद्मिनीची, एक अ‍ॅम्बॅसॅडरचं, एक प्युजो डिझेल आणि टोकाला जीपचं. मी हात घालणार तोच मालकांच्या पत्नी, काकू, मागच्या दारातून ओरडल्या, "आधी काठयेन ढोसून बघा, फुरसा आसात!" फुरसं निघालं नाही. उंदरांची घरटी निघाली, आणि प्रत्येक उघड्या भोकात कुंभारमाशीनं लिंपलेली माती.

बाहेरचा गंज बघून इंजिनाची किंमत करणारे लोक मला कळत नाहीत. बीडाचा ब्लॉक बाहेरून तांबडा झाला, पापुद्रे सुटले, तरी त्यानं काही बिघडत नाही. बघायचं ते एवढंच, की पाणी आत शिरलं का, कुठून शिरलं आणि कुठं साचून राहिलं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात खारी हवा. प्लगचं एक भोक उघडं राहिलं की चार पावसाळ्यांत सिलिंडर संपतो.

डिझेलवर मी पाच मिनिटंही घालवली नाहीत. नोझल काढलेल्या, पंपाची युनियन, म्हणजे नळीचा सांधा, उघडी, पंपातून चहाच्या रंगाचं पाणी. पंपातला प्लंजर आणि त्याची नळी यांच्यात जेमतेम काही मायक्रॉनची फट असते. तिथं गंज चढला की घासून, भिजवून काही होत नाही. दोन्ही पद्मिनीही वजनावर गेल्या. त्यांचा ब्लॉक बीडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये पाणी, की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. हेड उचललं तर पाण्याच्या भोकांभोवती पांढरी भुकटी, आणि गॅस्केट बसायची कड कुरतडून गेलेली. फेसिंग करून तरी किती कापणार? शिवाय या गाडीचा माल अजून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडलं तर हाती लागतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, तोवर कारागीर ती इंजिनं रोज उघडत होते. एक डिस्ट्रिब्युटर तेवढा बाजूला ठेवला.

अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिन बघायला सगळ्यात भयानक. टॅपेट कव्हरचा पत्रा हातात तुटून आला. पण चारी प्लग जागेवर, कार्ब्युरेटर जागेवर, सायलेन्सरच्या तोंडात ग्रीसमध्ये भिजवलेलं फडकं कोंबलेलं. प्लग काढले तर आतून जुन्या ऑइलचा वास आला. इंजिन उतरवताना कुणीतरी प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं होतं. पुढच्या नटाला पाना लावून जोर दिला, आधी कुरकुरलं आणि मग पूर्ण फेरा फिरलं. १४८९ सीसीचं हे बीएमसी 'बी सीरिज' इंजिन. इंग्लंडच्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही याच जातीचं, याच मापाचं इंजिन होतं. त्यामुळं ते आम्ही खोललंच नाही, अख्खं घ्यायचं ठरवलं. चालू होण्यासारखं इंजिन पार्टसाठी फोडणं मला पटत नाही, आणि धंद्याच्या हिशेबानंही ते बरोबर नाही.

मग जीपचं इंजिन. सगळा दिवस त्यानंच खाल्ला.

या इंजिनाचा इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. इनलेटचा मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला, कार्ब्युरेटर वरच्या अंगाला बसतो. म्हणून तर त्या जीपचं बोनेट एवढं उंच. इथं कार्ब्युरेटर कुणीतरी नेलेला होता, आणि त्या भोकावर मालकांनी नारळाची करवंटी पालथी घालून दगड ठेवला होता. दगड तसाच होता, करवंटी कुजून आत पडलेली.

ऑइलच्या चेंबरचा खालचा बोल्ट अर्धाच सैल केला. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, म्हणून आधी पाणी येतं. वाटीभर आलं, त्यामागून काळं ऑइल. पाणी थोडं आहे, क्रँकपर्यंत चढलेलं नाही, हे तिथंच कळलं. हेल्परला म्हटलं, "क्रँक मिळणार." तो म्हणाला, "फिरतंय कुठं पण?" फिरत नव्हतंच.

हेड उचलल्यावर सगळं दिसलं. चार सिलिंडरचं इंजिन आपोआप थांबतं तेव्हा बहुतेक वेळा चारी पिस्टन बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, अध्यात-मध्यात राहतात. एका सिलिंडरचा इनलेट उघडा, एकाचा एक्झॉस्ट उघडा, उरलेले दोन दोन्हीकडून बंद. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२. पाणी तिसऱ्यात शिरलेलं, म्हणजे इंजिन थांबलं तेव्हा त्याचा इनलेट उघडा होता. चौथ्यात एक्झॉस्टकडून नुसती दमट हवा गेलेली, भिंतीवर पातळ तांबूस थर, रुमालानं निघाला. पहिला आणि दुसरा मात्र चकचकीत. तिसऱ्यात पिस्टनच्या डोक्यावर तांबड्या चिखलाची जाड वडी, आणि पिस्टन ब्लॉकशी एकजीव.

तिसऱ्याची भिंत खरवडून मापली. खड्डे पाऊण मिलिमीटर खोल. बोअर आधीच वीस थाऊ ओव्हरसाइज, चाळीसपर्यंत नेलं तरी एका बाजूनं दहाच थाऊ निघणार, म्हणजे पाव मिलिमीटर. बोरिंगनं हे खड्डे जाणार नाहीत, आत नवी नळी, म्हणजे स्लीव्हच ठोकावी लागेल. पण मला पिस्टन सोडवायचाच नव्हता. ब्लॉक पालथा घातला, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या आणि मेन बेअरिंगच्या टोप्या काढल्या की क्रँक खालूनच निघतो, पिस्टन अडकलेला असला तरी. नट गंजलेले होते. डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल) सोडून ठेवलं, काकूंनी दिलेला चहा प्यायलो, मग लांब टॉमी लावून एकेक फोडला.

क्रँक काढून फणसाच्या फांदीला दोरीनं टांगला आणि हातोडीची हलकी टिचकी दिली. मडकं घेताना बाया वाजवून बघतात तसंच हे. भेग असेल तर बद्द आवाज येतो. हा स्वच्छ वाजला, आवाज बराच वेळ टिकला. मायक्रोमीटर लावला तर मेन आणि पिन दोन्ही फक्त दहा थाऊ कमी. साताऱ्याला फोन करायला मी खिशात हातही घातला होता. पण आधी ब्लॉक तपासून टाकू म्हटलं, कारण सहाचा टेम्पो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि बोअर यांच्यामधलं बीड या इंजिनात पातळ असतं आणि तापतंही तिथंच जास्त. तिथं रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडू घासला. पहिल्याजवळ काही नाही. दुसऱ्याजवळ खडूच्या पांढऱ्यावर एक ओली रेघ हळूहळू उमटली, सीटपासून थेट बोअरपर्यंत. सगळ्यात चकचकीत सिलिंडर तो! ही भेग पावसाची नव्हे. गाडी कधीतरी घाटात पाण्याविना तापवलेली. असलं बीड थंड असताना वेल्डिंग केलं तर शेजारी नवी भेग पडते. पिना ठोकून, टाके घालून शिवता येतं, पण ते काम आणि स्लीव्ह धरून खर्च इंजिनाच्या किमतीवर जातो. माझा निकाल झाला: क्रँक, कॅम, फ्लायव्हील, तीन रॉड आणि हेड माझं, ब्लॉक वजनावर.

भंगारवाल्यानं ब्लॉकला साखळी लावली तेव्हा काकू बिस्किटाचा डबा घेऊन आल्या. जुनी बिलं, ऑइलचे हिशेब, आणि तळाशी १९६८ सालच्या जीपचं आरसी बुक. "ह्येंचो जीव होतो त्या जीपीत," त्या म्हणाल्या. जीप कुठाय विचारलं तर त्यांनी पडवीकडं बोट केलं. मी सकाळपासून ज्याला लाकडांचा ढीग समजत होतो, तिथं झावळ्यांखाली चार दगडांवर जीप उभी. बॉडी, चासी, डॅशबोर्ड सगळं मूळचं. इंजिनाची जागा रिकामी.

वॉटर पंपाजवळचा गंज रॉकेलच्या फडक्यानं पुसला. आरसीतला नंबर काकू वाचत गेल्या, मी बोट फिरवत गेलो. शेवटून दुसरा आकडा गंजानं खाल्लेला, इंग्रजी तीन की आठ सांगता येईना. बाकी सगळे जुळले.

आता हिशेबच बदलला. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी तरतूद आली. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, पण गाडी मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. क्रँक दुसरा मिळेल, हेड मिळेल. त्या नंबरचा ब्लॉक एकच. पार्ट म्हणून जो मी कवडीमोल ठरवला होता, त्याच्यावर अख्ख्या जीपची किंमत उभी होती. आणि ब्लॉक ठेवायचा तर या मापाचा क्रँक त्यातून काढून नेण्यात काय अर्थ?

हे मी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, हे खरं. मुलाला फोन लावला, स्पीकरवर. तो गप्प झाला, मग म्हणाला, "खर्च किती?" मी अंदाज सांगितला, मुद्दाम जास्तच धरून, नंतर कुरकुर नको. काकूंनी मध्येच विचारलं, "हो नंबर तोच काय?"

"तोच दिसतोय, काकू."

"मगे ता देवचा नाय."

विषय संपला. भंगारवाल्यानं साखळी सोडली. थोडा नाराज होता, पण डिझेलचं वजन बरं भरल्यानं निभावलं.

साताऱ्याचं गिऱ्हाईक मात्र भडकलं. "क्रँक हातात होता आणि सोडून आलात?" त्याचा क्रँक शेवटी वेल्डिंगनं भरून पुन्हा ग्राइंड केला. मला ते काम आवडत नाही, पण पर्याय नव्हता. चालतोय अजून.

जीपचं इंजिन पुढं माझ्याकडंच आलं. तिसऱ्याचा पिस्टन लाकडाच्या ठोकळ्यानं फुटूनच निघाला. तिथं स्लीव्ह बसवली, बाकीची बोअर चाळीसवर नेली, दुसऱ्याची भेग पिनांनी शिवून ब्लॉक गरम पाण्याच्या दाबावर तपासला, गळती नाही. आता अडलंय ते आरटीओत. नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं छाप काढला, तर तो शेवटून दुसरा आकडा छापात अजूनही तीन वाटतो, आरसीत आठ आहे. साहेबांनी जुन्या नोंदी मागवल्यात आणि पुन्हा बोलावलंय. तोवर कुणी हौसेनं तारेचा ब्रश मारू नये म्हणून त्या जागेवर मी ग्रीस थापून वर चिकटपट्टी लावली आहे.